उलट्या पिळाची दशी

"जाळून दाखवा," चष्मेवाला म्हणाला.

सूर्यभानला हे सवयीचं होतं. त्यानं घोंगडीचा कोपरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "तुमच्याच हातानं उपटा, साहेब. पन कोपऱ्यातलीच दशी घ्या. मधून ओढली तर समदी वीण उसवंल, मंग मी ही कुनाला इकू?"

चष्मेवाल्यानं कोपऱ्याला लोंबणारा एक धागा ओढला. सूर्यभाननं काडी पेटवली. दशी चरचरली, आकसली, केस जळाल्याचा वास सुटला. उरलेली काळी भुकटी त्यानं गिऱ्हाइकाच्या तळहातावर बोटानं चोळली.

"पलाष्टिक असतं तर कडक गोळी झाली असती. ही बघा, राख. मेंढराचा केस हाय, मानसाच्या केसावानीच जळतो."

चष्मेवाल्यानं हात नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि खूश होऊन घोंगडी काखेत मारली.

जाफर गेटचा रविवारचा बाजार होता. शेजारी सिल्लोडचा सोमनाथ जुन्या स्वेटरांचा ढीग मांडून ओरडत होता, "आओ भाई, देखनेका पैसा नहीं!" गिऱ्हाईक लांब गेल्यावर तो हसला.

"सूर्यभान, त्या काडीपेटीला रोज उदबत्ती लावत जा. देवी हाय ती तुझी."

सूर्यभान हसला नाही. पुढच्या घोंगडीची घडी सारखी करत बसला.

*

घोंगडी लोकरीची नव्हती. दशी लोकरीची होती.

*

हे असं कुणी एका दिवसात करत नाही.

फुलंब्रीच्या पलीकडच्या वस्तीवर सूर्यभानची मेंढरं होती. तीन सालांमागच्या दुष्काळात ती विकायला काढली, तेव्हा उरलेली सगळी एका टेंपोत मावली. टेंपो गेला, त्या संध्याकाळी वाडग्यात लेंड्यांचा वास तेवढा राहिला. मग बायको शालू, म्हातारी आई म्हाळसाबाई आणि एक पत्र्याची पेटी घेऊन तो वाळूजच्या बाजूला रांजणगावात खोली करून राहिला. शालूला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. त्याला काही मिळेना. ज्याला मेंढराशिवाय काही येत नाही त्यानं शहरात काय करावं? तो ऋतू विकायला लागला. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेसाठी निळे ड्रम. पावसाळ्यात ताडपत्र्या. हिवाळ्यात पांघरुणं. ड्रम हातोहात जात. ताडपत्र्या मात्र औंदा होत्या तशा घरी परत आल्या, कारण पाऊसच आला नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं गोदामातून गिरणीची काळी ब्लँकेटं आणली होती. तीच ब्लँकेटं बाजारात आणखी दहा जणांकडं होती. दुपारपर्यंत एक खपलं नाही. तेवढ्यात एका बाईनं त्याचा पटका पाहिला, दाढी पाहिली आणि विचारलं, "काका, घोंगडी आहे का हो? खरी?"

तो "हाय" म्हणाला.

एवढंच झालं. तेवढ्या एका शब्दामागं पुढचं सगळं ओढत आलं. ब्लँकेट घोंगडीच्या मापाचं कापायचं. चिंचोक्याची खळ लावून कडक करायचं. कुणी जाळून दाखवा म्हणालं, तर? मग कोपऱ्याला लोकरीच्या चार-चार दशा टाचायच्या.

लोकर कुठून आणायची?

पत्र्याच्या पेटीत बापाची घोंगडी होती. म्हाळसाबाईनं लग्नानंतरच्या पहिल्या कातरणीची लोकर कातून सणगराकडून विणून घेतलेली. म्हाळसाबाई डावखुरी. टकळी डाव्या हातानं फिरवायची, त्यामुळं तिच्या सुताला पीळ उलटा बसायचा. सणगर कुरकुर करायचा, "हिचं सूत उलट्या खोपडीचं, पन तुटत नाय." दहा गावांत ते सूत ओळखलं जायचं. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, टकळी खुंटीला होती, आणि बापाची घोंगडी पेटीत डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवली आहे असं ती समजून होती.

दर शनिवारी शालू कामाला गेली की सूर्यभान आईला बाहेर उन्हात बसवायचा, दार लोटायचा आणि बापाच्या घोंगडीचा एक धागा धरून ओढायचा. ती कुरकुर न करता उसवत यायची.

तिसरा हिवाळा चालू होता.

*

चष्मेवाला गेल्यावर गाडीतून एक बाई उतरल्या, प्रेरणा मॅडम. फुलंब्री रस्त्यावर त्यांचं नवं फार्महाऊस झालं होतं. ज्या माळावर सूर्यभान मेंढरं चारायचा, त्याच माळावर आता तारेचं कुंपण आणि आत झोके होते. हे त्याला त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावरून कळलं.

"मला बारा हव्यात," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांच्या खोल्यांत टाकायला. पण दादा, एक धागा जाळून मला पटणार नाही हं. आजकाल काय काय करतात लोक."

"आता कसं पटवू मंग, ताई?"

"या क्षेत्रातलं कुणी जाणकार असेल तर..."

तेवढ्यात हाक आली.

"सूर्या! आरं, तूच का रं त्यो?"

चंपामावशी. वस्तीवरची. म्हाळसाबाईच्या शेजारी बसून जिनं उभा जन्म लोकर कातली, ती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. गर्दीतून वाट काढत ती आली, घोंगड्यांच्या पथारीपाशी तिनं आधी चपला काढल्या आणि मग उकिडवी बसली.

"किती हुडकावं तुला! बसस्टँडवर इचारलं, मोंढ्यात इचारलं. एक जन म्हनला, घोंगडीवाला धनगर व्हय, त्यो जाफर गेटला बसतो. म्हनलं, म्हाळसाचाच असंल. म्हाळसा कशी हाय?"

"बरी हाय, मावशी. डोळ्याचं तेवढं..."

"डोळ्याला काय करायचंय? हात हायेत नव्हं? ऐक. आंगदला पोरगा झालाय. परवा बारसं हाय. पाळन्यात घालायच्या आदी घोंगडीवर निजवावा लागतो. माझी घोंगडी मालकासंगट गेली, सरनावर. वस्तीत एक मेंढरू ऱ्हायलं नाय, लोकर कुठली? आंगद म्हनला, दुकानातलं आनतो पांघरून. म्हनलं, थोबाड फोडीन. पोराच्या आंगाला आदी मेंढराचा वास लागला पायजे." ती प्रेरणा मॅडमकडं बघून हसली. "आमच्यात आसं असतं, बाई."

"हो का? किती छान," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. "मग मावशी, तुम्हाला यातलं कळत असेल ना?"

"मला? मला दुसरं काय कळतं?"

सूर्यभाननं पटकन खालची एक घोंगडी बाजूला ओढली. "मावशी, ह्या नगं तुला. तुझ्यासाठी मी वायली आनतो. चांगली. पुढच्या..."

"परवा बारसं हाय आन पुढच्या काय? सर बाजूला."

तिनं घडीत हात घातला.

आत गेलेला हात थांबला. नुसता थांबला. अंगठा आणि बोट एकदा एकमेकांवर फिरले. मग तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि घोंगडीचा कोपरा उचलला. दशी दोन बोटांत धरून उलगडून पाहिली. पीळ सुटतो कुठल्या बाजूला, ते पाहिलं. पुन्हा पिळून पाहिलं.

बाजार चालू होता. सोमनाथ ओरडत होता. कुठंतरी कोंबड्या कलकलत होत्या.

चंपाबाईनं सूर्यभानकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं पथारीची किनार दाबत होता.

"काय मावशी? खरी आहे ना?" प्रेरणा मॅडमनी विचारलं.

कसलेही आढेवेढे न घेता चंपाबाई म्हणाली, "खरी हाय."

"नक्की?"

"म्हाळसाच्या पोराची हाय. घ्या बिनघोर. आन जाळत बसू नगा, चांगल्या वस्तूला काडी लावायची नसती."

प्रेरणा मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी चंपाबाईचा हात हातात घेऊन फोटो काढला, बाराही घोंगड्या निवडल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली. सूर्यभाननं त्या सुतळीनं बांधल्या. दोन वेळा गाठ सुटली. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनंच बांधून घेतली.

गाडी गेल्यावर चंपाबाईनं चोळीतून पैशाची पुरचुंडी काढली.

"मावशी, पैसे नगं. आन घोंगडीबी..."

"गप. फुकाट घ्यायला मी काय भिकारी हाय?" तिनं पैसे पथारीवर ठेवले, एक घोंगडी उचलून काखेत मारली, चपला घातल्या आणि गर्दीत निघून गेली.

सोमनाथ म्हणाला, "कोन रे ही म्हातारी? पुढच्या रविवारी बी आन. चहा आपल्याकडून."

*

शेअर रिक्षा भरायची होती. चंपाबाई मागच्या सीटवर आतल्या कोपऱ्यात बसली होती, घोंगडी मांडीवर. सूर्यभान धावत आला आणि रिक्षाच्या दांड्याला धरून उभा राहिला.

"मावशी, ती परत दे."

"का?"

"ती... मी दुसरी देतो आनून. खरी."

"कुठून देशील?"

खरंच, कुठून? फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंत कुठल्या वाडग्यात लोकर आहे, हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"दशी म्हाळसाच्या हातची हाय," चंपाबाई म्हणाली. आवाज हळू होता. रिक्षावाला पुढं तंबाखू मळत होता. "उलटा पीळ. बापाची उसवलीस व्हय रं?"

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

"किती ऱ्हायली?"

सूर्यभाननं दांडा सोडला. दोन्ही हात छातीसमोर धरले आणि तळव्यांमध्ये हातभर जागा ठेवली. मग ती थोडी कमी केली.

चंपाबाईनं त्या जागेकडं बघितलं.

"तिला म्हाईत हाय?"

"नाय. तिला दिसत नाय."

"पेटी उघड म्हनली तर?"

"डांबराच्या गोळ्या हायेत म्हनतो. वास बसंल म्हनतो."

एक पोरगी कॉलेजची पिशवी घेऊन रिक्षात शिरली. चंपाबाई सरकून बसली. तिनं घोंगडी दोन्ही हातांनी आणखी जवळ ओढली.

"म्या काय लई खरी बाई नाय, सूर्या. कुनाच्या रानात मेंढरं घातली म्हनून पाटलानं इचारलं, तर तोंडावर नाय म्हनले. धा बारी म्हनले. पन लोकरीचं कदी खोटं बोलले नवते. आज बोलले."

"मावशी, मी पाया पडतो तुझ्या..."

"पड घरी येऊन. हितं रस्त्यात तमाशा नगं." मग ती थांबली. "आता ही मी घिऊन जाते. परवा लोकं जमतील, इचारतील, कुटली घोंगडी? तर मी म्हननार, म्हाळसाच्या घरची. आता बोललेय त्ये बोललेय. पोराला हिच्यावरच निजवनार."

"नको ना, मावशी. कशाला?"

"मंग काय करू? घोंगडी घ्यायला शहरात गेले आन म्हाळसाचं पोरगं लबाड निघालं, असं सांगू वस्तीला?"

तिसरं माणूस आलं, रिक्षा भरली. ड्रायव्हरनं तंबाखू ओठात टाकली आणि किक मारली. "चलो चाचा, हाथ निकालो."

सूर्यभाननं हात काढला.

*

घरी जे बोलणं झालं, ते असं:

"आज कोन भेटलं?"

"चंपामावशी आलती."

"चंपी? आगं बाई! शालू, आयकलंस का? चंपी आलती! आन तू तिला घरी आनली नाय? मेल्या! काय म्हनली?"

"आंगदला पोरगा झालाय."

"आन?"

"घोंगडी नेली एक. बारशाला."

"हात लावून बघितली का तिनं?"

"बघितली."

"काय म्हनली?"

"..."

"आरं, काय म्हनली?"

"चांगली हाय म्हनली."

म्हाळसाबाई हसली. दात नसलेलं, लहान मुलासारखं हसू. "मंग झालं. चंपीला फसवनारा अजून जल्माला यायचाय. तिनं चांगली म्हनलं म्हंजी तू धंदा नीट करतो. मला वाटायचं, शहरात काय बी इकत आसंल पोरगं. म्हनून इचारत नवते." तिनं हात पुढं करून त्याचा गुडघा शोधला आणि थोपटला. "आता इचारनार नाय."

शालू भाकरी थापत होती. ती मान वर करून एकदाही बघेना. शनिवारी दाराआड काय चालतं, हे तिला केव्हापासून माहीत होतं, हे सूर्यभानला त्या क्षणी कळलं. केर काढणाऱ्या बाईला घरातले धागे दिसतात.

*

पुढचा शनिवार आला. शालू कामाला गेली. आई उन्हात बसली. सूर्यभान आत पेटीसमोर बसला, पण कडी काढली नाही. तासाभरानं उठून तो आईशेजारी उन्हात जाऊन बसला. ती चंपीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. त्यातली एकही तो ऐकत नव्हता.

*

रविवारी जाफर गेटला त्यानं माल लावला तो ताडपत्रीखाली. वरून दगड ठेवले. सोमनाथनं विचारलं, "पाऊस येनार हाय का रे? मला तर कुनी सांगितलं नाय."

अकराच्या सुमारास मोटारसायकलवरून एक माणूस आला. स्वच्छ शर्ट, मनगटावर जाड घड्याळ.

"घोंगडीवाले तुम्हीच ना? प्रेरणा मॅडमनी पाठवलं. तसल्याच सहा द्या. ती म्हातारी असते म्हणे तुमच्याकडं, जाणकार."

सूर्यभानच्या मनात आठवडाभर जे वाक्य तयार होतं, ते ओठांपर्यंत आलं. पण ते बोललं तर आधी चंपामावशी खोटी पडत होती. तिच्या मागं आई. मग तो स्वतः. तो स्वतः पडला असता तर काही वाटलं नसतं.

"त्या संपल्या," तो म्हणाला.

"मग हे काय आहे?" माणसानं ताडपत्रीचा एक दगड पायानं सरकवला आणि कोपरा उचलला. "या तशाच दिसतात की."

"दिसतात. पन ह्या गिरणीच्या. ब्लँकेटं हायेत."

"आणि मॅडमच्या?"

"म्हातारी खरं बोलली, साहेब. तिनं बघितल्या त्या लोकरीच्या व्हत्या." त्यानं मान खाली घातली. "ह्या नायत."

माणसानं ब्लँकेट हातात घेऊन फिरवलं. मग सूर्यभानकडं पाहिलं, त्याच्या पटक्याकडं, दाढीकडं, पुन्हा ब्लँकेटकडं. काहीतरी त्याच्या ध्यानात आल्यासारखं झालं, किंवा आलं नसेलही. ब्लँकेट खाली टाकून तो मोटारसायकलवर बसला. "आधी सांगायचं ना," एवढंच म्हणून गेला.

"येडा झाला का तू?" सोमनाथ स्वेटरांच्या ढिगावरून खेकसला. "सहा! सहा मागत होता त्यो. आन तू गिऱ्हाइकाला शाळा शिकवतो?"

दिवसभर सूर्यभान तेच सांगत राहिला. कुणी घोंगडी म्हणून थांबलं की, "नाय, गिरणीचं हाय." बहुतेक जण निघून जात. काही हसत. एकानं तर, खोटं का होईना पण घोंगडी म्हणा की, आम्हाला भेट द्यायचीय, असंही सांगून पाहिलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा बांधकामावरची एक बाई आली. शहराच्या त्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या, तिथली. हातापायांना सिमेंट लागलेलं. तिनं ढिगातलं वरचंच ब्लँकेट ओढलं.

"केवढ्याला?"

"बाई, हे लोकरीचं नाय. घोंगडी नाय ही. गिरणीचं हाय."

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू हा माणूस हे तिला का सांगतोय, हेच तिला कळत नव्हतं.

"मंग?" ती म्हणाली. "थंडी काय इचारनार हाय, कशाचं हाय म्हनून?"

तो किंमत बोलला. ब्लँकेटची, घोंगडीची नव्हे. तिनं घासाघीस न करता नोटा मोजून दिल्या, ब्लँकेट तिथंच झटकलं, डोक्यावरून अंगाभोवती लपेटून घेतलं आणि चालायला लागली. सूर्यभान तिच्याकडं बघत राहिला. भाजीवाल्यांच्या ओळीपाशी ती दिसली, मग उसाच्या गाड्यापाशी पुन्हा एकदा दिसली. नंतर तसली काळी पांघरुणं घेतलेली आणखी माणसं आली, आणि त्यातली ती कुठली, हे त्याला ओळखता येईना.